भाडेकरार संपत आलाय, आणि मालक म्हणतात या वेळी नोंदणी नको

तिसरा मजला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पुण्यात कर्वेनगरला टूबीएचके भाड्याने घेऊन राहतो. आतापर्यंत ११-११ महिन्यांचे लीव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीसाठी फक्त राहण्याची परवानगी देणारे) करार झाले, सगळे रीतसर नोंदणी करून. चालू करार पुढच्या महिनाअखेरीस संपतोय. भाडं २६ हजार, डिपॉझिट ७५ हजार. मालक न्यू जर्सीत असतात, इथलं सगळं त्यांचे धाकटे भाऊ बघतात. त्यांना आपण काका म्हणू.

परवा काकांचा फोन आला. भाडं ३० हजार करायचंय. शिवाय "या वेळी नोंदणीच्या भानगडीत नको पडायला, ५०० च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून टाकू, तुमचाही खर्च वाचेल." फोन ठेवतोय तोवर ज्या एजंटने मुळात घर दाखवलं होतं तो हजर. त्याला रिन्यूअलची अर्ध्या महिन्याची दलाली हवी आहे. या वेळी त्याने नेमकं काय केलं हे त्याला सांगता आलं नाही.

मुलीची शाळा चालत जाण्याइतकी जवळ आहे, आईचं देऊळ आणि मैत्रिणी खालच्याच गल्लीत. त्यामुळे घर सोडायचं नाही हे नक्की, आणि काकांनाही ते माहीत आहे. किती वाढ मान्य करावी? नोटरी चालेल का? एजंटला काय सांगू?

चहाबाज

रुमाल टाकून ठेवतो. माझाही करार दिवाळीत संपतोय.

अनघा के

२६ चे ३० म्हणजे १५ टक्क्यांच्या वर वाढ झाली. साधारण ५ ते १० टक्क्यांत मिटतं. काकांना तत्त्वाचं काही सांगू नका, हिशेब सांगा. २८ आणि ३० मधला फरक ११ महिन्यांत २२ हजार होतो. तुम्ही गेलात आणि घर एकच महिना रिकामं पडलं तर २६ हजार गेले. वर मेंटेनन्स त्यांच्या खिशातून, रंग त्यांचा, नव्या भाडेकरूसाठी दलाली त्यांची. चांगला भाडेकरू घालवून त्यांच्या हाती काहीच लागत नाही.

पण आधी बिल्डिंगमध्ये विचारून घ्या. खालच्या मजल्यावर ३२ ला गेला असेल तर हे सगळं गणित तोंडावर पडेल.

निवृत्त मास्तर

इथे मालक म्हणजे कायम खलनायक, म्हणून दुसरी बाजू मांडतो. धायरीला माझा एक वनबीएचके आहे. पेन्शनला तेवढाच हातभार. घर भाड्याने दिलं की महापालिकेच्या मिळकतकरातली ४० टक्क्यांची सवलत जाते, कारण ती स्वतः राहणाऱ्यालाच मिळते. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी (मालक स्वतः राहत नाही म्हणूनचं जादा शुल्क) लावते. गीझर गेला की फोन मला, नळ गळला की फोन मला. गेल्या भाडेकरूने बाल्कनीच्या ग्रिलला पोपटाचा पिंजरा वेल्डिंग करून घेतला होता. पोपट घेऊन गेला, पिंजरा माझ्या नावावर. वर्षाला ७-८ टक्के वाढवले की लगेच "काका, जरा बघा ना."

१५ टक्के जास्त आहेत हे मान्य. मागताना माणूस जास्तच मागतो, हेही धरून चाला.

चहाबाज

मास्तर, पोपटाने नोटीस पिरियड पाळला होता का?

इंदूरवाली

करार ११ महिन्यांचाच असेल तर नोंदणी लागतच नाही ना? म्हणून तर सगळीकडे ११ महिने करतात. वर्षाच्या वर गेलं की नोंदणी सक्तीची. आमच्याकडे सगळे नोटरीच करतात.

वकीलबाई

इंदूरवाली, तुमच्याकडचं बरोबर असेल, पण महाराष्ट्रात ते लागू नाही. नोंदणीच्या केंद्रीय कायद्यात वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला सूट आहे, ११ महिन्यांची सवय तिथून आली. महाराष्ट्राचा स्वतःचा भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. त्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मग तो ११ महिन्यांचा असो की ४ महिन्यांचा. नोंदणीची जबाबदारी मालकावर. नाही केली तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कैद झालेला मालक मी तरी पाहिलेला नाही, पण त्याच कलमातली पुढची ओळ जास्त महत्त्वाची आहे: करार नोंदवलेला नसेल तर अटी-शर्तींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

आता कलम २४ बघा. मुदत संपली आणि राहणारा हलेना, तर मालकाला दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं बसावं लागत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समन्स लागल्यावर राहणाऱ्याने ३० दिवसांत बाजू मांडायची परवानगी मागायची, नाही मागितली तर निकाल मालकाच्या बाजूने. मुदतीनंतर राहिल्याबद्दल दुप्पट दराने भरपाई. हे सगळं बळ लेखी आणि नोंदवलेल्या कराराचं आहे. नोटरीच्या कागदावर मालक स्वतःच ते सोडून देतोय.

म्हणून काका नोंदणी नको का म्हणताहेत ते विचारा. दीड-दोन हजारांसाठी कुणी एवढं करत नाही.

हिशेबी

दीड-दोन हजार कसे ते मांडतो. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के. ते कशावर, तर पूर्ण मुदतीचं भाडं आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं मानीव व्याज. २८ हजार धरले तर ११ महिन्यांचे ३ लाख ८ हजार. ७५ हजारांवर ११ महिन्यांचं व्याज ६,८७५. बेरीज ३,१४,८७५. त्याचे ०.२५ टक्के म्हणजे ७८७ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १ हजार, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन हाताळणीचे काहीशे वेगळे. अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येणारा माणूस आपले पैसे घेतो ते निराळे.

धागाकर्त्याला आणखी एक. मालक तयार असतील तर ३ वर्षांचा करार करा आणि वाढ आत्ताच लिहून टाका, दरवर्षी ६ किंवा ७ टक्के. मुद्रांक मुदतीच्या प्रमाणात वाढेल, पण नोंदणी फी एकदाच. हा ०.२५ चा दर ६० महिन्यांपर्यंतच्या लीव्ह अँड लायसन्सला आहे.

निवृत्त मास्तर

३ वर्षं म्हटलं की मालकाच्या पोटात गोळा येतो, हिशेबी.

वकीलबाई

दोघांनाही एक महिन्याच्या नोटिशीने बाहेर पडता येईल असं कलम टाका, गोळा जातो. सुरुवातीचे ६ महिने लॉक-इन, म्हणजे कुणीच करार मोडायचा नाही असं, ठेवता येतं.

सल्लागार म्हणा दलाल नको

एजंटवर सगळे तुटून पडण्याआधी दोन शब्द. रिन्यूअलला आम्ही ड्राफ्ट करतो, चलन भरतो, दोन साक्षीदार जमवतो, घरी येऊन अंगठे घेतो, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती भरतो. मालक-भाडेकरूत भाड्यावरून जुंपली तर मधे आम्हीच. त्याचे पैसे मागितले तर चुकलं काय?

तिसरा मजला

त्याचे देतोच आहे की. करार करून देण्याचे ठरलेले पैसे घ्या. अर्ध्या महिन्याची दलाली म्हणजे १४-१५ हजार, ती कशाची?

सल्लागार म्हणा दलाल नको

पहिल्या व्यवहारात तसं ठरलं असेल तर द्या, नसेल तर देऊ नका. मी स्वतः रिन्यूअलला दलाली घेत नाही, फक्त कामाचे घेतो. मात्र "आम्ही दोघं परस्पर बघून घेऊ" म्हणणारे निम्मे लोक चुकीची तारीख टाकून परत माझ्याकडेच येतात.

बंगळूरकर मराठी

डिपॉझिट ७५ हजार वाचून डोळे पाणावले. आमच्याकडे अजूनही १० महिन्यांचं भाडं मागणारे भेटतात. आणि सोडताना रंगाचा एक महिना कापणं हा तर धर्मच.

म्युनिकवाला

अवांतर, पण वाचून करमेना. जर्मनीत बहुतेक भाडेकरार बेमुदत असतात. रिन्यूअल हा प्रकारच नाही, त्यामुळे दर ११ महिन्यांनी पोटात फुलपाखरं नाहीत. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त ३ महिन्यांचं, तेही हीटिंग-पाणी वगळून जे मूळ भाडं असतं त्याच्या. चालू भाडेकरूचं भाडं तीन वर्षांत २० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. घरटंचाई असलेल्या शहरांत ही मर्यादा १५ टक्के, म्युनिक त्यातलंच.

अनघा के

आणि घर मिळायला किती महिने लागले ते पण सांगा की!

म्युनिकवाला

तो विषय नको. एका घराला आमच्यासह जिन्यापर्यंत रांग होती. पगाराच्या स्लिपा, बँकेचं पतपत्र, जुन्या मालकाचं पत्र, एवढं सगळं देऊनही "कळवतो." लग्न जमवायला एवढी कागदपत्रं लागली नव्हती.

गिरगावकर

चाळीत पागडीने, म्हणजे एकदाच मोठी रक्कम देऊन मग नाममात्र भाड्याने, राहतो. आजोबांपासूनची खोली. नव्या कायद्याने मालकाला वर्षाला ४ टक्के वाढवता येतात, पण मूळ आकडाच इतका जुना की ४ टक्क्यांत चहाही येत नाही. मालक दुरुस्ती करत नाही आणि आम्ही हलत नाही. तुमच्या लीव्ह अँड लायसन्सची सगळी कडक कलमं का आली हे बघायचं असेल तर आमच्या जिन्याने एकदा वर या. कठडा धरू नका फक्त.

चहाबाज

पुणे ते म्युनिक व्हाया गिरगाव. धागाकर्ते, काकांचं काय झालं?

सोसायटी सचिव

धागाकर्ते येईपर्यंत: फ्लॅट भाड्याने देताना सोसायटीची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. कराराची प्रत आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत आमच्याकडे जमा करायची. नॉन-ऑक्युपन्सी सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, मिळकतकर त्या हिशेबात धरायचा नाही. सरकारचा २००१ चा आदेश आहे. हे मी सचिव असून सांगतोय, आमच्या कमिटीत वाचून दाखवू नका.

पण नोंदवलेला करार नसला तर मीही गाडीचा स्टिकर देत नाही. वर्षानुवर्षं कोण राहतंय तेच कळत नाही मग.

तिसरा मजला

काकांना भेटून आलो, सदाशिव पेठेत. चहा, चकली, आणि मग खरी गोष्ट.

वकीलबाईंनी बरोबर ओळखलं, प्रश्न दोन हजारांचा नव्हताच. फ्लॅट दोन नावांवर होता: न्यू जर्सीचे मालक आणि त्यांच्या आई. आतापर्यंतच्या सगळ्या करारांवर आजींनी अंगठा दिला, भाडंही त्यांच्याच खात्यात जात होतं. गेल्या पावसाळ्यात आजी गेल्या. तेव्हा काकांनी "आता माझ्या खात्यात भरा" म्हणून सांगितलं, मी तसं भरत आलो. नव्या करारावर सही करायला इथे कुणी नाही. मालकांकडे अंगठ्याच्या नोंदणीला लागणारं आधार कार्ड नाही, त्यांनी काकांना पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी (आपल्या वतीने सही करायचं अधिकारपत्र) दिलेली नाही. दोघा भावांत त्यावरून जरा थंडपणा असावा असं वाटलं, मी खोलात गेलो नाही. काकांना कुणीतरी सांगितलं की नोटरीला एवढं कुणी विचारत नाही, म्हणून ते खूळ.

भाड्याचं म्हणाल तर अनघांचा हिशेब तिथेच कागदावर मांडून दाखवला. २८ वर आले. म्हणाले, "आई असती तर २७ च म्हणाली असती." त्यावर मला काही बोलता आलं नाही.

आता पुढे काय करावं?

वकीलबाई

आजींबद्दल वाईट वाटलं.

आता जरा सावकाश वाचा. काकांनी नुसती मालकाचा भाऊ म्हणून सही केली तर ती चालणार नाही. मात्र आजींचा हिस्सा कुणाला गेला हे बघायला हवं. मृत्युपत्र नसेल तर त्या हिश्श्यात काकाही वारस असतात, म्हणजे ते स्वतःच सहमालक असू शकतात. सोसायटीत नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे यावर मालकी ठरत नाही, नॉमिनी वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. तुम्ही त्यांच्या वाटणीत पडू नका, पण करारात मालक म्हणून कोण सही करणार हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सरळ मार्ग पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी. मालकांनी ती अमेरिकेत भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्यावी किंवा तिथे नोटरी करून अपॉस्टिल (परदेशात कागद ग्राह्य धरला जावा म्हणून तिथल्या सरकारचा शिक्का) लावावं. कागद भारतात आला की ३ महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक भरून घ्यायचं. घर भाड्याने देणे, भाडं घेणे, नोंदणीसाठी हजर राहणे, हे तिन्ही अधिकार त्यात शब्दांत लिहिलेले हवेत. मग काका अंगठा देऊ शकतात.

सोसायटी सचिव

आणि काकांना सांगा, मृत्यूचा दाखला देऊन शेअर सर्टिफिकेटवरची नावं आत्ताच दुरुस्त करून घ्या. हे काम पुढे ढकललं की दरवर्षी नवा वारस भर घालतो.

तिसरा मजला

पण चालू करार महिनाअखेर संपतोय. पॉवर यायला वेळ लागणार. मधल्या काळात मी काय?

वकीलबाई

मधे राहिलात म्हणून कुणी रात्रीत सामान बाहेर काढत नाही. पाणी-वीज तोडणं तर कलम २९ प्रमाणे बेकायदेशीर आहे. पण लेखी ठेवा. काका आणि मालक दोघांना ईमेल करा: करार अमुक तारखेला संपतोय, नवा करार अमुक अटींवर ठरलाय, पॉवर आल्यावर नोंदणी होईल, तोवर ठरलेल्या दराने भाडं बँकेतून देत आहे. दोघांचं "मान्य" असं उत्तर मागून घ्या. दुप्पट भरपाईचा मुद्दा उद्या कुणी काढला तर हे उत्तर कामाला येतं. हा नोंदणीला पर्याय नाही, मधला पूल आहे.

आणि डिपॉझिट! नव्या करारात लिहा की ७५ हजार जुन्याच करारापासून मालकाकडे जमा आहेत. मूळ ट्रान्स्फरची तारीख आणि क्रमांक टाका. पैसे आजींच्या खात्यात गेले होते ना? मग ते आता कोण परत करणार हे नावानिशी लिहून घ्या. बाकी सगळं विसरलात तरी हे विसरू नका.

हिशेबी

मी मुद्दाम थांबलो होतो. आता खरी मेख.

आजी भारतात राहत होत्या, भाडं त्यांना जात होतं. महिना ५० हजारांच्या आत असल्यामुळे तुम्हाला टीडीएसची, म्हणजे भाड्यातून आधीच कर कापून सरकारला भरायची, कटकट नव्हती. आता भाड्याचा हक्कदार न्यू जर्सीचा मुलगा असेल तर तो अनिवासी. अनिवासी मालकाला ही ५० हजारांची मर्यादा लागू नाही. पहिल्या रुपयापासून टीडीएस कापायची जबाबदारी भाडेकरूची, दर ३० टक्के, वर ४ टक्के सेस, मिळून ३१.२. म्हणजे २८ हजारांतले ८,७३६ तुम्ही सरकारला भरायचे, उरलेले त्यांच्या एनआरओ खात्यात (अनिवासींचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं बँक खातं). ५० हजारांच्या वर भाडं देणाऱ्यांना निवासी मालकासाठी २ टक्के कापावे लागतात, ते वेगळं.

नाही कापलं तर वसुली आणि व्याज तुमच्याकडून. पगारातल्या घरभाडे भत्त्यावर (एचआरए) करसवलत घेत असाल तर वर्षाला १ लाखाच्या वर भाडं असल्याने मालकाचा पॅन द्यावाच लागतो, आणि काकांचा पॅन दिलात तर करारावर नाव एकाचं, भाडं दुसऱ्याला, असा प्रकार होईल.

चहाबाज

अरे देवा. भाडेकरू व्हायला सीए लागतो आता.

तिसरा मजला

हिशेबी, ८,७३६ कापून दिले तर मालक म्हणतील मी भाडं कमी दिलं!

हिशेबी

म्हणतीलच. त्यांना सांगा, त्यांचा प्रत्यक्ष कर कमी असेल तर आयकर विभागाकडून कमी दराने कापायचं प्रमाणपत्र आणावं, किंवा विवरणपत्र भरून परतावा घ्यावा. तुम्हाला मात्र टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागेल आणि दर तिमाहीला विवरण भरावं लागेल. ते चुकलं तर दिवसाला २०० रुपये लेट फी.

वारसाने काका सहमालक निघाले तर त्यांच्या वाट्याच्या भाड्याला हे लागू नाही. म्हणून वकीलबाई म्हणतात तसं, आधी वाटा किती कुणाचा ते लेखी घ्या.

अनघा के

२८ हजारांना मी बळेबळे उतरवलं, आणि आता हे! काकांना हे सगळं एकदम सांगू नका, आधी चकली संपू द्या.

सल्लागार म्हणा दलाल नको

एनआरआय मालक म्हटलं की आम्ही पहिल्या दिवशीच टीडीएस सांगतो. अर्धे मालक फोन ठेवतात. उरलेल्यांची घरं नीट चालतात.

तिसरा मजला

अपडेट. न्यू जर्सीशी व्हिडिओ कॉल झाला, काका शेजारी बसून. मालक टीडीएसला तयार आहेत, तिथे ते रोजच हा प्रकार बघतात म्हणे. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीसाठी दूतावासाची वेळ घेतली आहे. करार ३ वर्षांचा करायचा, २८ हजारांवर दरवर्षी ६ टक्के, नोटीस एक महिन्याची. मृत्युपत्र आहे, आजींचा हिस्सा मोठ्या मुलालाच दिलाय. काकांना ते माहीत होतं, पण कागद त्यांनी कधी पाहिला नव्हता. कॉलवर थोडी शांतता पसरली, मग काकांनी विषय बदलून माझ्या बाथरूमच्या गळतीची चौकशी केली. ईमेलवर दोघांचंही "मान्य" आलं. एजंटला करार करून द्यायचे पैसे ठरले, दलाली नाही.

मसुद्यात एक कलम असं आलंय: "घर सोडताना रंगकामाचा संपूर्ण खर्च परवानगीधारक करील." परवानगीधारक म्हणजे मीच. मान्य करू?

वकीलबाई

"नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळता" हे शब्द टाका. भिंतीला भोकं पाडलीत, मुलीने खडूने भिंत रंगवली, त्याचे पैसे द्या. तीन वर्षांत रंग पिवळा पडला त्याचे नाही.

निवृत्त मास्तर

आणि वेल्डिंगचं पण कलम घाला. वकीलबाई, एक विचारायचं राहिलं: तो पिंजरा मी कापून विकला तर जुना भाडेकरू मागू शकतो का?

वकीलबाई

मास्तर, नवा धागा काढा.